दोन सोन्याच्या नाण्यांचे भाडे

चिंताकी, औराद, भालकी, आळंद या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या नांदत आलेल्या आपल्या मराठी घराण्यांच्या आठवणीत समुद्र जवळजवळ नाहीच. मांजरा आहे, कारंजा आहे, गाणगापूरचा संगम आहे, पंढरीची वाट आहे; खारे पाणी मात्र नाही. त्यामुळे हैदराबादेस किंवा पुण्यास नोकरीला असलेला घरातील मुलगा, आणि अलीकडे मुलगीही, रजेत एकट्यानेच एखाद्या निवांत बेटावर जाऊन येण्याचा विषय काढते, तेव्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. एकटेच का? बेटावरच का? आणि त्याला पैसे किती लागणार? हे तीन प्रश्न आम्ही अनेक घरांतून ऐकले आहेत. प्रश्न रास्तच आहेत. परंतु असा बेत आपल्या भूमीत पूर्वी कोणी केलाच नाही, ही जी समजूत त्यांच्या मुळाशी असते ती इतिहासाला धरून नाही. बेताच्या पैशात, एकट्याने, समुद्र ओलांडून आलेल्या आणि समुद्र ओलांडून गेलेल्या एका मनुष्याची तपशीलवार टिपणे उपलब्ध आहेत, आणि त्या टिपणांतील पुष्कळसा भाग आपल्या बिदरविषयी आहे.

त्या मनुष्याचे नाव अफनासी निकितिन. रशियातील त्वेर या नगराचा हा व्यापारी बहमनी अमदानीत, इ. स. १४७० च्या आगेमागे, बिदरला येऊन राहिला. व्होल्गा नदीतून मालाच्या नावा घेऊन तो निघाला होता. आस्त्राखानच्या परिसरात तातारांनी त्यांना लुटले. ज्यांचे मायदेशी काही शिल्लक होते ते माघारी फिरले आणि ज्यांच्या डोक्यावर देणे होते त्यांनी वाट फुटेल तिकडे पाय वळवले, अशी नोंद तो करतो. निकितिन पुढे निघाला. दरबंद, बाकू, मग इराणातील गावामागून गाव करीत तो होर्मुझच्या बेटावर पोहोचला. होर्मुझ ही त्या काळची मोठी व्यापारी पेठ. परंतु तेथील ऊन माणसाला भाजून काढते आणि आल्या मालाचा दहावा हिस्सा जकातीत जातो, एवढे त्याने न विसरता लिहून ठेवले आहे. तेथून एक घोडा बरोबर घेऊन तो जहाजात चढला आणि सहा आठवड्यांनी चौल बंदरात उतरला. आजही चौलशेजारी रेवदंड्याला त्याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ पाहावयास मिळतो.

चौलहून आठ दिवसांनी पाली, तेथून दहा दिवसांनी उमरी, आणखी सात दिवसांनी जुन्नर. हिशेब असा मुक्कामागणिक आहे. जुन्नरला चार महिने पाऊस लागला. रात्रंदिवस पाणी आणि चिखल. परमुलुखात पाऊस लागला की प्रवासी अडकतो आणि अडकलेल्या प्रवाशाचा खर्च मात्र चालूच राहतो, हे निकितिनने त्या जुन्नरच्या मुक्कामात पुरते अनुभवले. त्यातच तेथील अधिकारी असदखान याने त्याचा घोडा ताब्यात घेतला. धर्म बदललास तर घोडाही देतो आणि वर द्रव्यही देतो, नाही तर दोन्ही गमावशील, असा पेच टाकला. महंमद नावाच्या एका खुरासानी गृहस्थाने मध्ये पडून त्याची सुटका केली. ऑगस्टच्या मध्याला, पाऊस पुरता ओसरण्याआधीच, त्याने जुन्नर सोडले आणि महिनाभर चालून बिदर गाठले. घोडा अखेर बिदरला विकला गेला. वर्षभराच्या दाणावैरणीला अडुसष्ट नाणी लागली होती, हाही आकडा त्याने दिला आहे.

निकितिन हा सहलीला निघालेला मनुष्य नव्हता, हे आम्ही जाणतो. तो पोटासाठी निघाला होता. तरीही त्याची टिपणे वाचताना राहून राहून वाटते, की दूरच्या बेटावर थोड्या पैशात जाऊ इच्छिणाऱ्याने नेमके काय विचारावे, हे या माणसाला उत्तम कळत होते. कोणत्या बंदराहून कोणते बंदर किती दिवसांवर, कोठे जकात जड, कोठे चाचे फार, कोठे काय पिकते आणि काय स्वस्त मिळते. जेथे तो स्वतः गेल्याचे दिसत नाही त्या सिंहलद्वीपाचीही वाट त्याने दिवसांच्या मापाने मांडली आहे: कालिकतहून पंधरा दिवस. या देशात आपल्या गावी नेण्याजोगा माल भरपूर आहे असे ज्यांनी सांगितले त्यांनी आपल्याला फसवले, अशी तक्रारही तो करतो. मिरे आणि रंग तेवढे स्वस्त, परंतु जकात भरून आणि चाच्यांना चुकवून ते न्यायचे कसे? प्रवासाच्या वाटेवर ऐकीव माहिती किती महाग पडते, याचे इतके सरळ वर्णन आमच्या वाचनात क्वचितच आले आहे.

कलबुर्गीकडील वाचकांना त्याच्या लिखाणातील आळंदचा भाग विशेष जवळचा वाटेल. शेख अलाउद्दीन यांच्या दर्ग्यापाशी भरणारी जत्रा, तिचे दहा दिवस, तेथे विक्रीला येणारे हजारो घोडे, बिदरपासूनचे बारा कोसांचे अंतर, सारे त्यात आहे.

आता एकटेपणाचे. लुटीत त्याच्या धर्मपुस्तकांची पोथी गेली, त्यामुळे सणवारांचा हिशेब चुकला. आपला ईस्टरचा सण नेमका केव्हा येतो हेच त्याला कळेना. इतरांच्या उपवासांबरोबर उपवास धरून, आकाशातल्या नक्षत्रांकडे पाहून तो अंदाज बांधीत राहिला. मधूनमधून त्याची प्रार्थना रशियन सोडून तुर्की-फारसीमिश्रित बोलीत उतरते. एकट्याच्या प्रवासात पैशाआधी हे संपते: आपला वार, आपली तिथी, आपल्या भाषेत बोलणारे कोणी. परंतु त्याच बिदरात दुसरीही गोष्ट घडली. आपण मुसलमान नसून ख्रिस्ती आहोत हे त्याने येथील हिंदूंना सांगितले, तेव्हा त्यांनी आपले खाणेपिणे, देवधर्म, व्यवहार, काहीही त्याच्यापासून लपवले नाही. खिचडी आणि तूप त्याने येथेच पाहिले. त्यांच्याबरोबर तो श्रीपर्वताच्या, म्हणजे श्रीशैलाच्या, यात्रेलाही गेला. या देशात परदेशी व्यापारी घरवजा सरायांत उतरतात आणि घरची बाईच त्यांचे रांधते, अंथरूण घालते, असेही त्याने लिहिले आहे. आज ज्याला होमस्टे म्हणतात त्याची ही पाचशे वर्षांपूर्वीची नोंद म्हणावयास हरकत नाही.

एकट्याचा प्रवास हा खऱ्या अर्थाने एकट्याचा कधीच नसतो, आणि स्वस्त प्रवास म्हणजे खर्च झालाच नाही असे नव्हे. तो दुसऱ्या कोणीतरी उचललेला असतो. या दृष्टीने पाहू लागलो की आपल्या पूर्वजांचीही एक बेटवारी ध्यानात येते.

ती म्हणजे रामेश्वराची. काशीचे गंगाजल रामेश्वरास आणि रामेश्वराची वाळू गंगेत, हा नेम आपल्याकडील कितीतरी घरांत पाळला गेला. रामेश्वर हे बेट आहे, हे मात्र आपल्या बोलण्यात कधी आले नाही. ते धाम होते. १९१४ साली पाम्बनचा रेल्वे पूल सुरू झाला, तोवर मधली खाडी होडीनेच ओलांडावी लागे. समुद्रप्रवास कलिवर्ज्यात मोजणाऱ्या शास्त्र्यांच्या देशात लोक कावड खांद्यावर घेऊन होडीत बसत होते, ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. (१८८३ साली आनंदीबाई जोशी पती सोबत नसताना अमेरिकेला निघाल्या तेव्हा उठलेले वादळ पुष्कळांना माहीत असते, शेकडो वर्षे पाम्बनच्या होडीत बसलेल्या आयाबायांची कोणी वाच्यताही केली नाही.)

ही रामेश्वराची वारी बेताच्या पैशात कशी होत असे? याचे उत्तर तंजावरच्या मराठी राज्यात सापडते. भोसल्यांनी रामेश्वराच्या वाटेवर छत्रे, म्हणजे अन्नछत्रांसह धर्मशाळा, बांधली. १८०० च्या सुमारास दुसऱ्या सरफोजीराजांनी ओरत्तनाडू येथे उभारलेले मुक्तांबाछत्र त्यांपैकी प्रसिद्ध. १७९९ मध्ये राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला, तेव्हा या छत्रांच्या उत्पन्नावर गदा येऊ नये म्हणून सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटाला पत्र लिहिले. त्या पत्रातील माहिती फार मोलाची आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, कोणीही येवो, त्याला शिजवलेला भात मिळे. शिजवलेला नको असेल त्याला कोरडा शिधा. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले, आणि शेवटी घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले आहे काय याची हाळी दिली जाई. आजारी पडलेल्याला वैद्य आणि बरा होईपर्यंत आसरा असे. राज्य गेले तरी चालेल, पण घंटा वाजत राहिली पाहिजे, असा त्या पत्राचा एकूण रोख आम्हांस वाटतो. आपल्या कलबुर्गी-बिदरकडचा एखादा जंगम किंवा एखादा मराठा शेतकरी रिकाम्या खिशाने बेटावरच्या देवाला जाऊन परत येऊ शकला, त्याच्या पायांइतकेच श्रेय या घंटेला आहे.

आणि तरीही आपल्या मनात बेट म्हटले की प्रथम येते ते काळे पाणी. याला कारणे आहेत. १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला. त्याचे एक पुढारी मौलवी अल्लाउद्दीन यांना १८५९ साली अंदमानात धाडले गेले आणि त्यांचा शेवटही तेथेच झाला. आपल्या निजामी मुलखातून त्या बेटावर गेलेला हा आरंभीचा मनुष्य. तो स्वेच्छेने गेला नव्हता. पुढे ४ जुलै १९११ रोजी विनायक दामोदर सावरकर मद्रासहून 'महाराजा' जहाजाने तेथे पोहोचले. त्यांचे वडील बंधू गणेशपंत आधीपासूनच तेथे होते. १९२७ साली 'माझी जन्मठेप' प्रसिद्ध झाली आणि मराठी वाचकाच्या मनातील अंदमानचे चित्र कायमचे ठरून गेले. एकांतवास ही शिक्षा म्हणून जेथे भोगावी लागली, तेथे एकांत मिळावा म्हणून नातू पदरचे पैसे मोडून जातो, हे आजोबांना उमगत नाही. त्यांना दोष कसा द्यावा?

या बेटांच्या नावांतही आपले जुने दुखणे आहे. ज्या हॅवलॉकने जुलै १८५७ मध्ये कानपूरला नानासाहेब पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याच्या नावाने एक बेट. अलाहाबाद-कानपुरात सूडाचा कहर मांडणाऱ्या नीलच्या नावाने दुसरे. आउट्रम, लॉरेन्स, निकल्सन, सारी सत्तावनची मंडळी तेथे शेजारी शेजारी नकाशावर बसवली गेली. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचे स्वराज द्वीप व नीलचे शहीद द्वीप झाले. ही दोन नावे सुभाषबाबूंनी १९४३ साली साऱ्या अंदमान-निकोबारला दिली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम असे नामांतर जाहीर झाले. जुने तिकीट, जुना नकाशा आणि नवा फलक यांत घोटाळा होऊ नये म्हणून जाणाऱ्याने दोन्ही नावे पाठ ठेवावीत.

परंतु आपल्या वाचकांनी खरे लक्ष द्यावे ते बेटांवरील गावांच्या नावांकडे. शहीद द्वीपावर सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. स्वराज द्वीपावर गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर. ही नावे दिली ती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडून येथे आणून वसवलेल्या निर्वासित कुटुंबांच्या वस्त्यांना. जंगल तोडून त्यांनी भात लावला, भाजीपाला केला. शहीद द्वीपाची भाजी आजही बोटीने राजधानीच्या बाजारात जाते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर-निलंगा एकीकडे, नारायणखेड दुसरीकडे, औराद-भालकी तिसरीकडे. त्यानंतर भाषा आणि सोयरिकी धरून ठेवण्याची धडपड ज्यांच्या घरांनी केली, त्यांना सीतापूर हे नाव एका निर्वासित बाईने कशासाठी जपले असेल, हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्याला प्रवासी निवांत बेट म्हणतो, ते कोणाचे तरी वसवलेले गाव आहे.

खर्चाचा प्रश्न नेमका येथेच येऊन भिडतो. अंदमानात एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेणाऱ्या सरकारी बोटी फार स्वस्त आहेत. त्या मूळच्या या वस्तीच्या लोकांसाठी, त्यांच्या शाळा-दवाखान्यांसाठी आणि भाजीच्या करंड्यांसाठी आहेत, म्हणून स्वस्त आहेत. त्यांचा तोटा सरकार सोसते. तिकिटात स्थानिकांना अग्रक्रम असतो तो योग्यच आहे. पाहुण्याला जागा मिळाली तर आनंदाने जावे, न मिळाल्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी किंवा जास्त भाड्याच्या खासगी बोटीने जावे; खिडकीपाशी हुज्जत घालू नये. छत्रातील भात पाहुण्यालाही मिळत होता, पण पंगत त्याच्या एकट्यासाठी मांडलेली नव्हती.

चिंताकीहून निघणाऱ्याची वाट बिदर, हैदराबाद, चेन्नई अशी. चेन्नईहून जहाजाने सुमारे तीन दिवस लागतात. सावरकरांना नेले तीच ही समुद्रवाट. बंक वर्ग सर्वांत स्वस्त, वर केबिनींचे वर्ग. जेवणाचे पैसे निराळे. महिन्याकाठी फेऱ्या मोजक्याच आणि वेळापत्रक आयत्या वेळी बदलते, म्हणून ज्याची रजा आठच दिवसांची आहे त्याने जहाजाचा मोह सोडून विमानाचे तिकीट खूप आधी काढून ठेवणे शहाणपणाचे. अंदमानाला दोन्ही पावसाळे लागतात: मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, ऑक्टोबरपासून ईशान्येचा, आणि त्या दुसऱ्याबरोबर वादळांचे भय. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत. डिसेंबरअखेरची गर्दी ओसरल्यावर गेले तर राहण्याचे दरही उतरलेले असतात. एकट्या प्रवाशाची खरी अडचण खोलीची. खोलीचे भाडे एकाला तेवढेच आणि दोघांना तेवढेच. म्हणून एकट्याने मोठ्या हॉटेलापेक्षा गावातील साध्या बिऱ्हाडवजा जागी उतरावे आणि बेटे पाच न करता एकच धरून तेथे राहावे. प्रत्येक बोटीगणिक पैसे आणि दिवस दोन्ही जातात. लहान बेटांवर पैसे काढण्याच्या यंत्राचा भरवसा धरू नये, रोख जवळ बाळगावी.

ज्याला अधिक निवांतपणा हवा त्याने दक्षिणेकडील लिटल अंदमानचा, हट बेचा विचार करावा. बोटीला बरेच तास लागतात, सोयी कमी आहेत आणि म्हणूनच गर्दी पोहोचलेली नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने हट बेला जबर तडाखा दिला होता, हे तेथे गेल्यावर लोकांच्या बोलण्यातून अजून येते. त्या बेटाचा मोठा भाग ओंगी लोकांसाठी राखीव आहे. तेथे, तसेच जारवांच्या आणि सेंटिनेलींच्या भूमीत, बाहेरच्याला मज्जाव आहे. १९५६ चा कायदाच तसा आहे. भारतीय नागरिकाला अंदमानच्या बाकीच्या भागासाठी परवाना लागत नाही, निकोबारसाठी लागतो. निवांतपणाच्या नावाखाली या रेषा ओलांडणारा प्रवासी आमच्या मते जुन्या कैद्यांच्या पहारेकऱ्यांपेक्षा वेगळा नव्हे.

लक्षद्वीपचे नाव अलीकडे, विशेषतः २०२४ पासून, फार घेतले जाते. आपल्या कर्नाटकाशी त्याचा जुना धागा आहे: अमिनी बेटांचा गट टिपूकडे होता, १७९९ नंतर तो कंपनीच्या कानडा जिल्ह्याला जोडला गेला आणि तेथला काथ्या मंगळुरास उतरे. परंतु सारी बेटे मिळून अवघी बत्तीस चौरस किलोमीटर जमीन, गोड्या पाण्याचा मुळात तुटवडा. कवरत्तीला २००५ साली समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प उभारावा लागला. प्रवेशाला परवाना हवा, आणि बहुतेकांना ठरावीक सहलीतूनच जावे लागते. एकट्याने, कमी खर्चात जाणाऱ्याला ते सोयीचे नाही. त्याने वाईट वाटून घेऊ नये. विहिरीत पाणी किती आहे हे पाहूनच यजमान पाहुणे बोलावतो.

घरच्यांनी मुलाला किंवा मुलीला नाही म्हणण्यापेक्षा चार गोष्टी विचारून घ्याव्यात: कोणत्या महिन्यात, कोणाच्या घरी उतरणार, बोट चुकली तर काय, आणि परतीचे पैसे वेगळे बांधून ठेवले आहेत काय. यांतील शेवटची सर्वांत महत्त्वाची. परतीच्या बाजूला वादळाने बोटी बंद पडल्या तर अडकून राहता यावे म्हणून दोन-तीन दिवस मोकळे ठेवलेच पाहिजेत.

निकितिन बिदर सोडून परत निघाला तो दाभोळला आला. महमूद गावानही इराणातून प्रथम उतरला होता तो याच बंदरात. तेथे त्याने होर्मुझपर्यंतचे आपले एकट्याचे भाडे ठरवले: दोन सोन्याची नाणी. जहाज निघाले, वाऱ्याने भरकटले आणि हबशांच्या किनाऱ्याला लागले. तेथल्या लोकांनी लुटू नये म्हणून तांदूळ, मिरे आणि भाकरी वाटून जहाज सोडवावे लागले. पाच दिवस तेथे काढून पुढे मस्कत, मग पुन्हा ते होर्मुझचे बेट, इराण, काळा समुद्र. त्वेरला तो पोहोचला नाही; स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याच्या हातची टिपणे मात्र पोहोचली, आणि त्यांत बिदरच्या बाजारात विकलेल्या घोड्याच्या दाण्याचा हिशेब आजही वाचता येतो.